लेकराची कातडी ओढू नका



दर महिन्याला वस्तीतल्या विहारात आम्ही बायांची आरोग्याची बैठक घेतो. अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, बाळाचं वजन, असे विषय निघतात. मागच्या बैठकीत चटया गुंडाळून झाल्यावर एक तरुण आई मागे थांबली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. "ताई, जरा बाजूला येता का?" म्हणाली. दाराआड गेल्यावर हळूच बोलली, "ह्याची नुन्नी उघडत नाही. मालीशवाल्या मावशी म्हणतात, आत्ताच मोकळी केली नाही तर पुढं लग्नाला अडचण येईल. रोज तेल लावून ओढतात. आता पोरगं शू करताना किंचाळतं."

उजेडात नेऊन बघितलं. पुढच्या कातडीला दोन ठिकाणी चिरा पडलेल्या, कडा लाल, थोडं रक्त सुकलेलं. त्या पोराला मुळात आजार काहीच नव्हता. होतं ते सगळं ओढून ओढून झालेलं.

मावशीला दोष देऊन आम्ही मोकळ्या होऊ शकत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही वॉर्डात लागलो, तेव्हा हेच सांगायचो. टीका द्यायला आलेल्या आयांना पोराची कातडी मागे करून दाखवायचो आणि म्हणायचो, "रोज अंघोळीच्या वेळी असं करायचं, नाहीतर घाण साठते." आम्हाला तसंच शिकवलेलं आणि आम्हीही कधी विचारलं नाही की का. किती लेकरं आमच्या हाताखाली रडली असतील, मोजदाद नाही. पुढे मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम केलं, ओढून जखम झालेली पोरं तिथं डोळ्यांनी बघितली, तेव्हा उमगलं. म्हणून हा लेख लिहायचं किती दिवसांपासून मनात होतं. विषय लाजेचा वाटेल, पण अंगाचा एक भाग आहे, नाक-कान आहेत तसा.

आता मूळ गोष्ट. मुलगा जन्मतो तेव्हा लिंगाच्या टोकावरची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. नख खालच्या मांसाला चिकटलेलं असतं, साधारण तशी. पोटात असताना हे दोन्ही थर एकच असतात, आणि ते वेगळे व्हायला जन्मानंतर कित्येक वर्षं लागतात. चिंच आठवून बघा. कच्च्या चिंचेचं साल सोलायला गेलं तर गरच ओरबाडून निघतो. तीच चिंच गाभुळली की साल आपोआप सुटं होतं, नुसतं बोटानं दाबलं तरी निघतं. लेकराच्या कातडीचंही तसंच आहे. तिची वेळ यावी लागते.

ती वेळ कधी येते? ब्रिटनमधले डॉ. डग्लस गेर्डनर यांनी 1949 साली बाळं तपासून लिहून ठेवलं की जन्मतः ही कातडी पूर्ण मागे जाणारी मुलं शंभरात जेमतेम 4 असतात. नंतर डेन्मार्कचे डॉ. याकोब ओस्टर यांनी शाळेतल्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली आणि 1968 साली ती छापली. सहा-सात वर्षांच्या मुलांत शंभरातल्या 63 जणांची कातडी आतून थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण 3 वर आलं. कोणाची ऑपरेशनं करून नाही, वय वाढलं तसं आपोआप. म्हणजे दोन वर्षांच्या पोराची उघडत नाही ही तक्रारच नाही. सहा वर्षांच्या पोराची उघडत नाही हीसुद्धा बहुतेक वेळा तक्रार नाही. काहींची तीन वर्षांतच सुटते, काहींची दाढीमिशी फुटायच्या वयात. शेजारच्या पोराशी तुलना करू नका.

कातडी सुटत जाताना काही गोष्टी दिसतात आणि आया घाबरून जातात. एक म्हणजे कातडीच्या आत पांढरे-पिवळसर दाणे दिसतात, तांदळाच्या कणीएवढे, कधी ज्वारीच्या दाण्याएवढे. पू झाला असं वाटतं. तो पू नसतो, आतल्या कातडीच्या मेलेल्या पेशींचा थर साठलेला असतो आणि त्याचंच काम थर वेगळे करायचं असतं. दुखत नाही, लाल नाही, तर हात लावू नका. वेळ आली की आपणहून बाहेर पडतात. दुसरी गोष्ट, शू करताना टोकाची कातडी फुग्यासारखी फुगते आणि मग धार येते. धार नीट येत असेल, पोरगं रडत नसेल, तर हीदेखील वाढीतलीच एक पायरी आहे. आणि पोरगं दिवसभर तिथंच हात घालतं म्हणून मार देऊ नका. पोरांना आपलं अंग ओळखायचं असतं. खाज असेल तर मात्र बघा.

मग ओढल्याने काय होतं? कातडीला चिरा पडतात. चिरा भरताना तिथं वण येतो, वण कडक असतो, ताणत नाही. जी कातडी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मऊ होऊन सुटली असती, ती वणामुळे खरोखर अरुंद होते. डॉक्टर ज्याला फायमोसिस म्हणतात तो आजार अशा रीतीने आपणच तयार करतो, आणि त्यासाठी पुढे ऑपरेशनची वेळ येते.

याहून वाईट म्हणजे मागे ओढलेली कातडी मागेच अडकणं. ह्याचं नाव पॅराफायमोसिस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, चित्र लक्षात ठेवा. कातडी बोंडाच्या मागे दोरी आवळल्यासारखी अडकते, पुढचा भाग सुजून लाल-जांभळा होतो, कातडीचं फुगलेलं कडं दिसतं, पोरगं हात लावू देत नाही. जितका वेळ जाईल तितकी सूज वाढते, आणि सूज वाढेल तितकी कातडी पुढे यायला अवघड. रक्त पोचलं नाही तर तो भाग काळा पडू शकतो. इथं सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन वाजता असलं तरी मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, 108 ला फोन करायचा. जाता जाता स्वच्छ ओल्या फडक्यानं सुजलेला भाग मुठीत धरून पाच मिनिटं हळू, एकसारखं दाबलं तर सूज उतरते आणि कधीकधी कातडी पुढे सरकते. पोरगं सहन करत असेल तरच. बर्फ थेट लावायचा नाही, सुईनं टोचायचं नाही.

मुलाला आम्ही असं एकदा दाखल झालेलं बघितलं आहे. चार वर्षांचा. पाहुणी आलेली आत्या पोराला अंघोळ घालताना कातडी मागे करून गेली आणि पुन्हा पुढे करायची राहिली. घरात कोणाला कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत पोरगं मुका होऊन बसलं, शूला जाईना. आईनं चड्डी काढली तेव्हा दिसलं. डॉक्टरांनी भूल देऊन कातडी पुढे आणली, पोरगं वाचलं त्यातून. आत्या वॉर्डाच्या दारात बसून रडत होती. तिनं चांगलंच करायला बघितलं होतं.

अशीच चूक दवाखान्यातही होते हे आमच्या जातभाईंना, म्हणजे नर्सेसना, सांगायला हवं. लघवीची नळी टाकताना कातडी मागे करतात आणि परत पुढे करायला विसरतात. घरात नळी लावलेले आजोबा असतील तर त्यांचंही बघून घ्या.

स्वच्छतेचं म्हणाल तर लहान मुलाला लागतं ते फार थोडं. अंघोळीच्या वेळी बाहेरून साधं पाणी घाला, कातडी आहे तशीच राहू द्या, मऊ फडक्यानं टिपा. झालं. आत साबण नको, तेल सोडायचं नाही, पावडर नको. डेटॉल तर अजिबात नको, त्यानं कोवळी कातडी भाजते. हळदीचा लेप, राख, कोणी सांगितलेला पाला, ह्यातलं काही नको. बाळाला अंगाला मालीश करायची असेल तर करा, पण ती जागा सोडून. मालीशवाल्या मावशी, सासूबाई, आत्या, कोणीही अंघोळ घालणार असेल तर आधीच सांगून ठेवा, "तिथलं ओढायचं नाही, सिस्टरनं सांगितलंय." आमचं नाव पुढे करा, भांडण आमच्या माथी राहू द्या.

कातडी आपणहून मागे जायला लागली की मुलालाच शिकवायचं. हळू मागे जाईल तेवढीच करायची, पाण्यानं धुवायचं, आणि सर्वांत महत्त्वाचं, पुन्हा पुढे आणायची. ही शेवटची गोष्ट शिकवायला लोक विसरतात. दुखलं की थांबायचं.

आता आपल्या वस्तीतली एक अडचण, जी कुठल्याही पुस्तकात आम्हाला सापडली नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांना अंघोळीला आडोसा नसतो. ती नळावर, गल्लीत, मोरीच्या कडेला चड्डी घालूनच अंघोळ करतात. चड्डीवरून पाणी ओतलं, साबण फिरवला, टॉवेल गुंडाळला, ओली चड्डी काढली. वर्षानुवर्षं ती जागा नीट धुतलीच जात नाही. ह्याच वयात कातडी सुटत असते आणि धुण्याची खरी गरज तेव्हाच सुरू होते. त्यातून पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, दमट चड्डीच चढवतात. मग खाज, लाली, वास. पोरगं सांगणार कोणाला? आईला लाजतं आणि बाप घरात असला तरी ह्या विषयावर तोंड उघडत नाही.

बापांनो, हे तुमचं काम आहे. बाप नसेल तर मामा, काका, मोठा भाऊ. आठवड्यातून एक दिवस मोरीला पडदा बांधा, एक बादली पाणी द्या आणि पोराला पाच मिनिटं एकटं सोडा. पाण्याची टंचाई असली तर रोज रात्री एक तांब्या पाणी पुरतं. तेवढं पाणी आपल्याकडे असतं. शाळेत शरीरशास्त्राचा धडा येतो तिथं मास्तर पान उलटून पुढे जातात, तेव्हा घरातूनच सांगायला हवं.

पोरगं चार-पाच वर्षांचं झालं की धुवायला शिकवताना आणखी एक सांगा. ह्या जागेला तू हात लावायचास, आजारी असलास तर आईसमोर डॉक्टर. दुसरं कोणी लावत असेल, दाखव म्हणत असेल, तर घरी येऊन सांगायचं, आम्ही रागावणार नाही. त्या जागेला दुखापत झाली आणि पोरगं कारण सांगत नसेल तर जोर न करता विचारा. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता खरे आजार. टोक लाल होणं, सुजणं, शू करताना आग होणं, थोडा पू येणं, ह्याला बॅलनायटिस म्हणतात. मुलांत हे वरचेवर दिसतं. कारणं साधी असतात: मळके हात, ओली चड्डी, साबण, माती, डायपर तासन्‌तास तसाच ठेवणं. पोराला कोमट पाण्याच्या टबात किंवा घमेल्यात दहा मिनिटं बसवा, दिवसातून दोन-तीन वेळा. शू करायची भीती वाटत असेल तर त्या पाण्यातच करू द्या, आग कमी होते. एक-दोन दिवसांत उतार पडत नसेल तर दवाखाना. लाली वर पोटाकडे सरकत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी. मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब आणून चोळू नका. त्या ट्यूबांत तीन-तीन औषधं एकत्र असतात, चार दिवस बरं वाटतं आणि मग कातडी पातळ होऊन दुखणं चिघळतं. मोठ्या मुलाला असं परत परत होत असेल आणि तो पाणीही फार पीत असेल, रात्री शूला उठत असेल, वजन उतरत असेल, तर साखर तपासा. लहान मुलांनाही मधुमेह होतो आणि कधीकधी त्याची पहिली खूण इथंच दिसते.

तान्ह्या बाळाला सर्दी-खोकला काही नाही आणि ताप मात्र येतो, दूध पीत नाही, तर लघवीची तपासणी करायला सांगा. लघवीत जंतू झाले तर बाळ फार बोलत नाही, नुसतं मलूल होतं. जन्मापासून धार बारीक, थेंबथेंब, शूला जोर करतंय, ओटीपोट फुगलेलं, असं असेल तर दुखणं कातडीत नसून आत असू शकतं. हे थांबवायचं नाही, मूत्रपिंडावर जातं.

आणखी एक जन्मतःची गोष्ट. काही मुलांची लघवीची वाट टोकाला नसते, खालच्या बाजूला असते आणि पुढची कातडी अर्धीच असते. घरातले म्हणतात, पोरगं सुंता होऊनच जन्मलं, आणि कौतुकानं सोडून देतात. कौतुक करू नका, मुलांच्या सर्जनला दाखवा. तिथं ऑपरेशन करताना हीच कातडी वापरून वाट तयार करतात, म्हणून अशा मुलाची सुंता आधी कुठंही करायची नसते.

पँटच्या चेनमध्ये कातडी अडकण्याचे प्रकार तर आम्ही फार बघितले. चेन मागे-पुढे ओढू नका. खोबरेल तेल सोडून बघा, नाहीतर चेनच्या आजूबाजूचं कापड कापून पोराला तसंच दवाखान्यात न्या. लहान पोरांना चेनची पँट घालायचीच कशाला, इलास्टिकची बरी.

खरा फायमोसिस कसा ओळखायचा? कातडीचं टोक पांढरं, कडक, चिवट वणासारखं दिसतं. आधी मागे जात होती ती आता जात नाही. वारंवार सूज येते, धार येत नाही, शूला त्रास होतो. अशा वेळी डॉक्टर बहुधा आधी स्टेरॉइडचं मलम देतात. सांगितलेल्या जागेवर पातळ थर, दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. बहुतेक मुलांची कातडी एवढ्यावर सैल होते. आपल्याकडे अडचण ही होते की आठ दिवस लावून फरक नाही म्हणून ट्यूब फेकून देतात. पूर्ण करा. मात्र डॉक्टरांनी न सांगता तीच ट्यूब दुसऱ्या पोराला लावू नका.

मलमानं जमलं नाही, किंवा कातडी पांढरी पडून आक्रसत चालली असेल, तर सुंता सांगतात. हा शब्द ऐकला की आपल्या घरांत गोंधळ उडतो. एका आजीनं आम्हाला विचारलं, "पोराचा धर्म बदलला म्हणतील का?" नाही आजी. मुस्लीम बांधवांत ती धार्मिक रीत आहे, तुमच्या नातवासाठी तो इलाज आहे. अपेंडिक्स काढतात तसा. काही जण उलटं विचारतात, सुंता केली की रोग होत नाहीत म्हणे, मग सगळ्यांचीच का नको? आफ्रिकेतल्या काही देशांत मोठ्या पुरुषांवरच्या अभ्यासांतून एचआयव्हीचा धोका कमी झालेला दिसला आणि 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही फार पसरलेल्या तिथल्या देशांसाठी ती सुचवली, हे खरं. त्यासाठी आपल्या दोन वर्षांच्या निरोगी पोराला टेबलावर झोपवायची गरज नाही.

आणि घाईनं सांगितलेल्या ऑपरेशनलाही लगेच होकार देऊ नका. तीन वर्षांच्या पोराची "उघडत नाही" एवढ्यावरून ऑपरेशन सांगितलेल्या चिठ्ठ्या घेऊन आया आमच्याकडे येतात, दागिने गहाण टाकायच्या बेतात असतात. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हे वाढीतलं आहे की आजार आहे? मलम लावून बघता येईल का? थांबलो तर काय होईल? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांवर चिडत नाही. शंका राहिली तर सरकारी मोठ्या दवाखान्यात मुलांच्या सर्जनचं मत घ्या. मुंबईत वाडिया, केईएम, सायन इथं मुलांच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग आहे, इतर शहरांत मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चौकशी करा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या डॉक्टरांनाही विचारता येतं. नुसता सल्ला हवा असेल तर 104 वर फोन करा.

ऑपरेशन झालंच तर आठ-दहा दिवसांत जखम भरते. टोकावर पिवळसर पापुद्रा धरतो, तो खरवडू नका. सैल कपडे, शर्ट किंवा बहिणीचा फ्रॉक घातला तरी चालतो, चार दिवसांचा प्रश्न आहे. रक्त थांबत नसेल, ताप आला, किंवा दिवसभर शू झाली नाही तर परत न्या.

विषय जरा बाजूचा, पण मुलाच्या आयांनी हेही लक्षात ठेवावं: मोठ्या मुलाच्या अंडात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर ते लाजेनं पोट दुखतं म्हणून सांगतं. अंड पिळलेलं असू शकतं आणि ते वाचवायला हातात पाच-सहा तासच असतात.

विहारातल्या त्या आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं: ओढणं बंद, कोमट पाणी, डॉक्टरांनी दिलेलं मलम जखमेपुरतं. पंधरा दिवसांनी ती मालीशवाल्या मावशीलाच बरोबर घेऊन आली. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई, चाळीस वर्षं हेच करत आले मी. आता अजून सहा घरी जाते, तिथं काय सांगू?" आम्ही त्यांना चिंचेचं सांगितलं. त्यांना ते पटलं, आणि पुढच्या बैठकीला त्या ह्या सहा घरांतल्या आयांना घेऊन येणार आहेत.